टायरची जन्मतारीख

आरोग्याच्या लेखांमध्ये आज मध्येच गाडीच्या टायरवर लेख कसा, असे तुम्हाला वाटेल. डॉक्टरांनी गॅरेज काढले की काय, असेही कोणी म्हणेल. पण आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसे गेली. ही सगळी टायरमुळे गेली असे मी म्हणत नाही. पण अपघात हाही एक आजारच आहे, त्यालाही कारणे असतात आणि त्यातली काही टाळता येतात. त्यातले एक कारण माझ्याच गाडीखाली नऊ वर्षे फिरत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. म्हणून हा लेख.

मे २०२३ मधली गोष्ट. साडूंच्या मुलाच्या साखरपुड्यासाठी मी आणि पत्नी जळगावहून छत्रपती संभाजीनगरला निघालो होतो. दुपारचे ऊन, पारा चव्वेचाळीसच्या आसपास. अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोड मागे टाकले आणि पत्नी म्हणाली, "अहो, मागून कसला तरी थपथप आवाज येतोय." मी म्हटले, "रस्ता खराब आहे." दहा मिनिटांनी ती पुन्हा म्हणाली, "आता तर सीट थरथरतेय." मी म्हटले, "पोचलो की दाखवू कुणाला तरी."

छातीत जडपणा वाटत असताना "गॅस असेल" म्हणून दोन दिवस घरी बसणाऱ्या पेशंटला मी किती रागावतो, हे माझ्याकडे येणाऱ्यांना ठाऊक आहे.

फुलंब्रीच्या अलीकडे मागच्या उजव्या बाजूला बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. गाडीचा मागचा भाग एकदम डावीकडे गेला, मग उजवीकडे. समोरून एक ट्रक येत होता. माझा वेग सत्तरच्या आत होता आणि भीतीने माझा पाय ब्रेकवर जाण्याऐवजी नुसताच वर उचलला गेला, या दोन गोष्टींमुळे आम्ही वाचलो. दोन्हींत माझे कौशल्य काही नव्हते. गाडी कडेला थांबली तेव्हा पत्नीच्या हातातली पाण्याची बाटली चेपून सपाट झाली होती. ती काही बोलली नाही. तेच मला जास्त लागले.

पंक्चरवाल्या चाचांनी केलेले निदान

जवळच पंक्चरचे दुकान होते. तिथले चाचा जॅक घेऊन आले. फुटलेल्या टायरकडे बघून मी म्हटले, "चाचा, खिळा लागला असेल. टायर तर चांगला होता, नक्षी बघा किती शिल्लक आहे." खरेच साडेतीन-चार मिलिमीटर नक्षी शिल्लक होती. गाडी २०१४ च्या सुरुवातीला घेतलेली, पण चालली होती जेमतेम अडतीस हजार किलोमीटर. घर ते दवाखाना, दवाखाना ते हॉस्पिटल, वर्षातून दोन-तीन बाहेरगावच्या फेऱ्या. कोविडच्या काळात तर ती महिनोन् महिने उन्हात उभी होती.

चाचांनी ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसली आणि लंबगोल चौकटीतल्या चार आकड्यांवर बोट ठेवले. ४६१३. "साहेब, नक्षी बघून फसू नका. याची जन्मतारीख बघा. दोन हजार तेराचा सेहेचाळिसावा आठवडा. म्हातारा झालाय हा."

मी रोज शंभर औषधे हाताळतो. इंजेक्शनच्या प्रत्येक बाटलीवरची तारीख वाचल्याशिवाय सुई लावत नाही. सिस्टरांनाही तीच शिस्त लावली आहे. आणि ज्या चार गोष्टींवर माझे सगळे कुटुंब ताशी ऐंशी किलोमीटरने धावते, त्यांच्यावर तारीख असते हेच मला माहीत नव्हते.

मग डिकीतून स्टेपनी काढली. तिच्यावर आकडा ४५१३. कधीच न वापरलेली, नक्षी कोरी करकरीत. चाचा हसले. "ही पण त्याच बारशाची. लावून देतो, पण चाळीस-पन्नासच्या वर नेऊ नका." उरलेले तीस किलोमीटर मी जन्मात कधी चालवली नसेल इतक्या हळू गाडी चालवली.

रबर म्हातारे कसे होते?

घरी परतल्यावर मी या विषयावर बरेच वाचले, आणि वाचताना सारखे वाटत राहिले की हे तर आपल्याच पाठ्यपुस्तकातले आहे.

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. १८३९ साली चार्ल्स गुडइयर याला ते गंधकाबरोबर तापवण्याची युक्ती सापडली. गंधकामुळे रबराच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधल्या जातात, आणि रबर ताणले तरी पुन्हा मूळ आकारात येते. पण या गाठी कारखान्यात बांधून झाल्या की काम संपत नाही. उष्णता आणि ऑक्सिजन यांच्यामुळे पुढे वर्षानुवर्षे नव्या गाठी पडत राहतात, काही साखळ्या तुटत राहतात. रबर कडक होते आणि त्याची लवचीकता जाते.

आपल्या महारोहिणीत हेच होते. तिची लवचीकता इलास्टिन नावाच्या प्रथिनामुळे असते. ते शरीर मुख्यतः लहानपणी तयार करते, पुढे फारसे नवीन बनत नाही. वय वाढते तसे इलास्टिनचे धागे तुटतात, कोलॅजनमध्ये जादा गाठी पडतात, नळी कडक होते. म्हणून साठीनंतर अनेकांचे वरचे बीपी वाढते आणि खालचे तेवढे वाढत नाही. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो. टायरची नक्षी म्हणजे असा बाहेरून दिसणारा ठणठणीतपणा.

आता टायरच्या आत बघू. मोटारीच्या आजच्या रेडियल टायरमध्ये नक्षीच्या खाली बारीक पोलादी तारांचे पट्टे असतात, सहसा दोन, एकावर एक. त्यांना रबराने धरून ठेवलेले असते. या पट्ट्यांच्या कडा हा टायरचा सर्वांत नाजूक भाग. चाक फिरताना तिथे सर्वांत जास्त ताण येतो आणि उष्णताही जास्त होते. टायरमध्ये आपण दाबाने हवा भरतो. त्या हवेतला ऑक्सिजन हळूहळू आतल्या अस्तरातून झिरपत याच जागी पोचतो. म्हणजे टायर आतूनही म्हातारा होत असतो. कडांपाशी बारीक भेग पडते, ती पसरते, आणि एक दिवस नक्षीचा सगळा पट्टा सोलून निघतो. मला ऐकू आलेली थपथप आणि सीटची थरथर ही त्या सोलण्याची सुरुवात होती.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. पहिली, डिकीत नुसती पडलेली स्टेपनीसुद्धा म्हातारी होते, कारण तिच्यातही दाबाने हवा भरलेली असते. दुसरी, गाडी कमी चालवली म्हणजे टायर जास्त वर्षे टिकतो हा समज अर्धाच खरा आहे. टायरच्या रबरात ओझोनपासून रक्षण करणारी मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात. टायर फिरतो, दबतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत हे नीट होत नाही, म्हणून उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टायरच्या बाजूंवर बारीक चिरा पडतात. व्यायाम न करणाऱ्या माणसाचे उदाहरण मी इथे देणार होतो, पण माझे पेशंट म्हणतील डॉक्टर कुठूनही तिथेच येतात.

उन्हाचा हिशेब

रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. आपल्या खानदेश, मराठवाडा, विदर्भात मे महिन्यात डांबरावर अनवाणी पाय ठेववत नाही. त्या डांबरावर टायर धावतो, शिवाय स्वतःच्या दबण्याने तापतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने विमा दाव्यांच्या आकडेवारीचा हवाला देऊन एक बाब मांडली होती. टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच उष्ण राज्यांत त्या विमा कंपनीचे २७ टक्के ग्राहक होते, पण टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे तिथून आले. आणि त्यातले ८४ टक्के टायर सहा वर्षांहून जुने होते. आपला उन्हाळा ॲरिझोनाच्या जवळ जाणारा आहे, हे लक्षात घेऊन ते आकडे वाचावेत.

हवा कमी असेल तर हे सगळे आणखी लवकर होते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त वाकतो, जास्त तापतो. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून मुद्दाम हवा कमी ठेवणारे लोक मला भेटतात. ते नेमके उलटे करतात.

मग टायरचे आयुष्य किती?

टायरवर औषधासारखी 'या तारखेनंतर वापरू नये' अशी ओळ नसते, फक्त जन्मतारीख असते. अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला असे सांगतात. काही टायर कंपन्या म्हणतात, पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षे झाली की कितीही चांगला दिसला तरी काढा, स्टेपनीसुद्धा. आपल्या उन्हात मी स्वतः सहा वर्षांची रेघ ओढली आहे.

आपल्याकडे मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी नसावी असा नियम आहे. नक्षीच्या खाचांत मध्येमध्ये छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायरची वेळ संपली. वयाची मर्यादा मात्र नियमात नाही.

इंग्लंडमध्ये ती काही वाहनांसाठी आली, पण त्यासाठी एका आईला लढावे लागले. सप्टेंबर २०१२ मध्ये एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या तरुणांची बस सरे परगण्यात झाडावर आदळली. तीन माणसे गेली. पुढचा टायर फुटला होता आणि तो १९ वर्षांहून जुना होता. त्याची नक्षी कायद्याला धरून होती, म्हणून तो कोणाला खटकला नाही. मृतांमध्ये मायकेल मोलॉय हा अठरा वर्षांचा मुलगा होता. त्याची आई फ्रान्सिस मोलॉय यांनी हा विषय सोडला नाही. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे लॉरी, बस आणि कोच यांच्या पुढच्या चाकांवर आणि मिनीबसच्या एकेरी चाकांवर दहा वर्षांहून जुना टायर वापरायला बंदी आली.

आपल्याकडेही २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जुन्या अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की टायर फुटणे ही देवाची करणी नव्हे, ती माणसाची हयगय आहे. हे वाचताना मला पत्नीच्या हातातली चेपलेली बाटली आठवली.

दुकानात

साखरपुडा आटोपला आणि त्याच दुपारी मी संभाजीनगरच्या एका दुकानात पाच टायर घ्यायला गेलो. कागदी पट्टी लावलेले चकचकीत टायर समोर आले. आता मी शहाणा झालो होतो. वाकून आकडा शोधला: ४५२०. म्हणजे अडीच वर्षे जुना. मी म्हटले, "हा नको." विक्रेता हसून म्हणाला, "साहेब, टायर म्हणजे काय दूध आहे का नासायला? नवा कोरा आहे."

त्याचे म्हणणे सगळेच चूक नव्हते. थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी हवा न भरता ठेवलेला टायर गाडीवरच्या टायरइतक्या वेगाने म्हातारा होत नाही. पण त्याचे गोदाम पत्र्याचे होते, आणि मी पैसे सहा वर्षांच्या टायरचे देणार होतो. मी जरा अडून बसलो तेव्हा तासाभराने दुसऱ्या गोदामातून २०२३ च्या दहाव्या-अकराव्या आठवड्यातले टायर आले. किंमत तीच.

टायर बसवून झाले. विक्रेत्याने विचारले, "जुने चार ठेवून जाता का? नक्षी भरपूर आहे. दोन हजार कमी करतो." मी हो म्हटले. खरे सांगतो, त्या क्षणी मनात काहीही आले नाही. दोन हजार वाचले याचा आनंदच झाला.

रात्री साडूंच्या गच्चीवर झोप येईना. माझ्या दवाखान्यात कधीकधी भली माणसे घरातली उरलेली औषधे आणून देतात, "गरिबांना वाटा डॉक्टर." त्यातली तारीख उलटलेली मी बाजूला काढतो आणि नष्ट करतो. जे मी माझ्या आईला देणार नाही ते गरिबाला कसे देणार, असे मी मोठ्या तोंडाने सिस्टरांना सांगतो. आणि आज मी तेच केले होते, वर दोन हजार रुपये घेऊन.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी तिथे जाऊन उभा राहिलो. दोन हजार परत दिले, टायर मागितले. दोन मिळाले. उरलेले दोन आदल्या संध्याकाळीच गेले होते. कोणी टुरिस्ट गाडीवाला होता, रोख पैसे देऊन लगेच बसवून घेऊन गेला. नाव नाही, नंबर नाही. विक्रेत्याला माझा चेहरा पाहून वाईट वाटले असावे. म्हणाला, "साहेब, त्याला नवे परवडत नव्हते. हे नसते तर याहून वाईट घेतले असते." तेही खरे असेल. मिळालेल्या दोन टायरच्या बाजू मी त्याच्याचकडून करवतीने कापून घेतल्या. उरलेल्या दोघांचे काय झाले, ते मला कधीच कळणार नाही. समृद्धीवर गाड्या ताशी १२० ने जाताना दिसल्या की मला ते दोन टायर आठवतात.

तुम्ही काय करावे?

१. आज संध्याकाळी पाचही टायरवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. ते बहुधा एकाच बाजूला असतात, बाहेर दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बघा. शेवटी चारऐवजी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे, ती गाडी हलवूसुद्धा नका.

२. नवे घेताना आकडा टायर रिमवर चढवण्याआधी बघा. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षापर्यंत चालेल. त्याहून जुना असेल तर दुसरा मागा. आयएसआयची खूण बघा. बिलावर टायरचे क्रमांक लिहून घ्या.

३. गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच आकार घ्या. १८५/६५ आर १५ ८८ एच यातला ८८ हा भार पेलण्याचा आकडा (५६० किलो) आणि एच हा वेगाची मर्यादा (ताशी २१० किमी) सांगतो. हे दोन्ही मूळ टायरपेक्षा कमी नकोत.

४. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावा. दुकानदार सहसा पुढे लावतो. पण मागची पकड सुटली तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणे सामान्य चालकाला जमत नाही.

५. हवा महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, स्टेपनीसकट तपासा. किती भरायची ते बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. नायट्रोजन नाही मिळाला तरी बिघडत नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

६. बाजूला फुगवटा, चिरा, नवी थरथर, थपथप आवाज यांतले काहीही दिसले किंवा जाणवले की थांबा. शेजारी बसलेले माणूस सांगत असेल तर नक्की थांबा.

७. टायर फुटलाच तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा, वेग उतरला की कडेला घ्या.

८. जुने टायर काढून दिले तर ते पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची खात्री करा. दुकानदारासमोरच बाजू कापून घ्या. दोन-चारशे रुपये जातील.

माझ्या टायरची जन्मतारीख आता दवाखान्याच्या फळ्यावर, फ्रिजमधल्या लसींच्या तारखांच्या खाली लिहिलेली आहे. बदलायचे वर्ष: २०२९. सिस्टर पहिल्यांदा हसल्या होत्या. मागच्या महिन्यात त्यांनी त्यांच्या यजमानांच्या रिक्षाच्या टायरचे आकडे फोनवर फोटो काढून आणले आणि मला वाचायला सांगितले.